पार्किंगचे भांडण, कलम ३२४ आणि व्हिसाचा अर्ज : एक प्रकरण अभ्यास

खालचे प्रकरण कुणा एका माणसाचे नाही. पुणे-पिंपरी भागातल्या फौजदारी न्यायालयांत आणि पासपोर्टच्या कामात पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या गोष्टी एका अर्जदारावर बेतून ते उभे केले आहे. कलमे, मुदती आणि नियम मात्र खरे आहेत.

अर्जदार ३६ वर्षांचा, हिंजवडीत नोकरीला. २०१६ मध्ये सोसायटीत पार्किंगवरून शेजाऱ्याशी वाद झाला, धाकटा भाऊ मदतीला धावला, कुणाच्या तरी हातात क्रिकेटचा स्टंप आला आणि शेजाऱ्याच्या कपाळाला चार टाके पडले. भारतीय दंड संहितेच्या कलम ३२४ (हत्याराने दुखापत), ३२३ (साधी दुखापत), ५०४ (चिथावणीसाठी अपमान), ५०६ (धमकी) सह ३४ (समान हेतू) खाली गुन्हा दाखल झाला. १ जुलै २०२४ ला ही संहिता बदलेपर्यंत महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात मारामारीच्या फिर्यादीला लागणारी ही नेहमीची माळ होती. त्याच दिवशी जामीन झाला, २०१७ मध्ये दोषारोपपत्र गेले, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर खटल्याला आर.सी.सी. (रेग्युलर क्रिमिनल केस) नंबर पडला आणि पुढची सात वर्षे नुसत्या तारखा पडत राहिल्या. दोषारोपसुद्धा निश्चित झाले नव्हते. शेजारी दरम्यान फ्लॅट विकून निघूनही गेला.

२०२४ मध्ये दोन गोष्टी एकदम आल्या. २०१४ साली काढलेल्या पासपोर्टची १० वर्षे संपत होती आणि कंपनीने अमेरिकेतल्या शाखेत बदलीसाठी एल-१ व्हिसाची प्रक्रिया सुरू केली.

पहिला प्रश्न : नेमकी नोंद काय आहे?

अर्जदाराचे म्हणणे ठाम होते : "मला अटक झालीच नाही. चौकीत बसवलं, दोन-तीन सह्या घेतल्या, मामा जामीन राहिले आणि संध्याकाळी घरी आलो." असे सांगणारे पुष्कळ भेटतात आणि ते खोटे बोलत नसतात. लॉकअप नाही, बेड्या नाहीत, म्हणजे अटक नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. पण दोषारोपपत्राच्या छापील नमुन्यात प्रत्येक आरोपीपुढे अटकेची तारीख, जामिनावर सोडल्याची तारीख आणि जामीनदाराचे नाव असे रकाने असतात. या प्रकरणात अटकेची तारीख भरलेली होती. त्या दोन-तीन सह्यांपैकी एक अटक फॉर्मवर होती. काही प्रकरणांत याच्या उलटही निघते. पोलिसांनी तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१-अ खाली फक्त हजर राहण्याची नोटीस दिलेली असते, अटक दाखवलेली नसते, आणि माणूस मात्र वर्षानुवर्षे स्वतःला 'अटक झालेला' समजत असतो.

म्हणून कुठलाही फॉर्म उघडण्याआधी कागद काढायचे. एफआयआर, संपूर्ण दोषारोपपत्र, जामिनाचा आदेश आणि पहिल्या तारखेपासूनचा रोजनामा (प्रत्येक तारखेला न्यायालयात काय झाले याची नोंद), या सगळ्यांच्या प्रमाणित प्रती न्यायालयाच्या नक्कल विभागातून मिळतात. वकिलाच्या फाइलमधली झेरॉक्स पुरत नाही. तिच्यावर शिक्का नसतो आणि बऱ्याचदा मधली पाने गायब असतात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर १६ अक्षरी सीएनआर क्रमांकाने खटल्याची सद्यस्थिती दिसते. पक्षकाराच्या नावाने शोधले तरी खटला सापडतो. आपल्याला सापडतो तसा तो कंपनीच्या पार्श्वभूमी तपासणाऱ्यालाही सापडतो, हे लक्षात ठेवावे.

रोजनामा वाचताना आणखी एक गोष्ट कळली. २०१९ मध्ये एका तारखेला गैरहजर राहिल्याने अर्जदाराविरुद्ध वॉरंट निघाले होते. ते पुढच्या तारखेला रद्द झाले होते, पण तसे झाले नसते तर पासपोर्टचा प्रश्न पासपोर्ट कायद्याच्या वेगळ्याच कलमात, म्हणजे ६(२)(ग) मध्ये गेला असता. चालू वॉरंट हे पासपोर्ट नाकारण्याचे स्वतंत्र कारण आहे. मारामारीच्या साध्या खटल्यात खरा घात बऱ्याचदा गुन्ह्याने होत नाही, चुकलेल्या तारखेने होतो.

पासपोर्ट : चुकीची खूण आणि एक वर्षाची पुस्तिका

पासपोर्टच्या ऑनलाइन अर्जात विचारले जाते की भारतातल्या फौजदारी न्यायालयात आपल्याविरुद्ध कार्यवाही प्रलंबित आहे का. एजंटने 'नाही'वर खूण केली. त्याचा युक्तिवाद असा की सोसायटीचे भांडण आहे, शिक्षा झालेली नाही, लिहायचे कशाला. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पोलीस पडताळणीत ठाण्याच्या नोंदीवरून गुन्हा समोर आला, अहवाल प्रतिकूल गेला आणि पासपोर्ट कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस घरी आली.

इथे कायदा नीट समजून घ्यायला हवा. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम ६(२)(फ) नुसार फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. मात्र परराष्ट्र मंत्रालयाच्या १० ऑक्टोबर २०१९ च्या कार्यालयीन निवेदनात स्पष्ट म्हटले आहे की नुसता एफआयआर किंवा चालू तपास यात मोडत नाही. न्यायालयात खटला नोंदला जाऊन न्यायालयाने दखल घेतलेली असली तरच तो प्रलंबित धरायचा. आपल्या अर्जदाराच्या बाबतीत दखल २०१७ मध्येच घेतली गेली होती. म्हणजे खरे उत्तर 'हो' हेच होते. एफआयआर ताजा असता आणि दोषारोपपत्र गेलेले नसते तर 'नाही' हे उत्तरही खरे ठरले असते.

माहिती दडवणे हा याच कायद्याच्या कलम १२(१)(ब) खाली स्वतंत्र गुन्हा आहे : दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय कलम १०(३)(ब) खाली, अशा रीतीने मिळवलेला पासपोर्ट जप्त किंवा रद्द करता येतो. म्हणजे ज्या ३२४ मध्ये कदाचित निर्दोष सुटका झाली असती, त्याच्या शेजारी खोट्या माहितीचा एक नवा, सिद्ध करायला फारच सोपा गुन्हा उभा राहू शकतो. नोटिशीला उत्तर देताना अर्जदाराने एजंटवर ढकलले नाही. अर्जावर सही स्वतःची असते. खटल्याचा क्रमांक, न्यायालय, टप्पा आणि 'प्रश्नाचा अर्थ चुकीचा घेतला' एवढेच लिहून दोषारोपपत्राची प्रत जोडली, आणि न्यायालयाची परवानगी आणतो असे कळवले.

ही परवानगी म्हणजे २५ ऑगस्ट १९९३ च्या जी.एस.आर. ५७०(ई) या अधिसूचनेचा मार्ग. ज्या न्यायालयात खटला आहे त्याने आदेश दिला आणि 'न्यायालय बोलावील तेव्हा हजर राहीन' असे हमीपत्र पासपोर्ट कार्यालयाला दिले, तर कलम ६(२)(फ) ची अडचण बाजूला ठेवून पासपोर्ट देता येतो. वाटते तितके हे अवघड नाही. अडकायला होते ते आदेशाच्या शब्दांत.

पहिल्या अर्जात वकिलाने विनंती केली : 'पासपोर्ट नूतनीकरणास हरकत नसावी.' सरकारी वकिलांचे म्हणणे घेऊन दंडाधिकाऱ्यांनी तसाच एका ओळीचा आदेश दिला. पासपोर्ट कार्यालयाने अधिसूचना वाचली. तिच्यात लिहिले आहे की आदेशात मुदत दिलेली नसेल तर पासपोर्ट एक वर्षाचा. पुस्तिका आली ती एक वर्षाची. अनेक देशांना प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक मुदत लागते, त्यामुळे अशा पुस्तिकेचे वापरण्याजोगे आयुष्य उरते निम्मे. कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाने तीवर एल-१ चा विचारही करायला नकार दिला.

दुसऱ्या अर्जात विनंती नीट मांडली : पासपोर्ट नियम, १९८० प्रमाणे १० वर्षांसाठी नूतनीकरण करण्यास परवानगी द्यावी; परदेश प्रवासासाठी प्रत्येक वेळी स्वतंत्र परवानगी घेतली जाईल. सोबत मुंबई उच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल जोडला. त्यात म्हटले आहे की दंडाधिकाऱ्यांनी नियमांप्रमाणे नूतनीकरणाचा आदेश दिला तर प्रौढाचा पासपोर्ट १० वर्षांचाच द्यायचा. पासपोर्टची मुदत आणि प्रवासाची परवानगी या दोन गोष्टी विनंतीत वेगळ्या काढल्या की न्यायालयाची धास्तीही कमी होते, कारण आरोपी पळून जाईल ही भीती पुस्तिकेशी निगडित नसते, विमानाशी असते. १० वर्षांचा आदेश मिळाला.

पोलीस किंवा दंडाधिकारी पासपोर्ट 'जमा करून' कायमचा ठेवून घेऊ शकतात, हा आणखी एक पसरलेला समज. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितले आहे की पासपोर्ट अडकवून ठेवण्याचा अधिकार फक्त पासपोर्ट प्राधिकरणाला, कलम १० खाली आहे. पोलीस तो तपासासाठी जप्त करू शकतात, पण रोखून धरू शकत नाहीत. जामिनाच्या अटींतून हेच मागच्या दाराने घडते तो भाग निराळा.

'कबूल करा आणि मोकळे व्हा'

या प्रकरणातला सगळ्यात धोक्याचा क्षण पासपोर्ट कार्यालयात नव्हता, न्यायालयाच्या आवारात होता. खटला लवकर संपवायचा म्हटल्यावर आवारातल्या दोन-तीन जाणत्यांनी एकच सल्ला दिला : दोषारोप निश्चित होतील त्या दिवशी गुन्हा कबूल करा, साहेब हजार-दोन हजार दंड करतील किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडतील, आणि विषय संपेल.

गावातच राहणाऱ्या माणसासाठी हा सल्ला कदाचित चालून जातो. विमानात बसू पाहणाऱ्यासाठी तो आगीतून फुफाट्यात टाकणारा आहे. कारणे अशी.

कबुलीवरून झालेली शिक्षा ही पूर्ण दोषसिद्धी असते. या खटल्याला लागू असलेल्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७५ नुसार तीवर अपील फक्त शिक्षेच्या प्रमाणाविरुद्ध किंवा कायदेशीरपणाविरुद्ध होते; 'मी ते केलेच नव्हते' हे नंतर म्हणता येत नाही. चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडले तर भारतात अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ चे कलम १२ दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर करते. पण अमेरिकेच्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टमध्ये दोषसिद्धीची स्वतःची व्याख्या आहे. गुन्हा कबूल केला किंवा सिद्ध झाला आणि न्यायालयाने कुठल्याही स्वरूपाची शिक्षा वा बंधन घातले, की झाली दोषसिद्धी. बाँड हे बंधनच. भारतातले कलम १२ तिथल्या अधिकाऱ्याला बांधत नाही.

आता शिक्षेची मर्यादा पाहू, कारण इथे बहुतेकांची चूक होते. अमेरिकी कायद्यात नैतिक अधःपतनाच्या (दुष्ट हेतूने केलेल्या, निंद्य) गुन्ह्यामुळे येणाऱ्या बंदीला किरकोळ गुन्ह्याचा अपवाद आहे. एकच गुन्हा, प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही, *आणि* त्या गुन्ह्याला कायद्यात जास्तीत जास्त एक वर्षाची कैद. कलम ३२४ ला जास्तीत जास्त तीन वर्षे आहेत. म्हणजे दंडाधिकाऱ्यांनी पाचशे रुपये दंड केला तरी हा अपवाद मिळत नाही. उलट फक्त ३२३ खाली दोषी ठरला तर कमाल शिक्षा एक वर्षच, आणि साधी दुखापत नैतिक अधःपतनात सहसा धरलीही जात नाही. एका कलमाच्या फरकाने दार उघडते किंवा बंद होते, आणि कबुली देताना हा फरक समोर मांडायला कुणी बसलेले नसते.

कॅनडा आणखी वेगळ्या पद्धतीने मोजतो. तिथे प्रत्यक्ष शिक्षेला फारसे महत्त्व नाही. भारतातल्या कृत्याला कॅनडाच्या दंडविधानातला समांतर गुन्हा शोधतात आणि त्याची कमाल शिक्षा पाहतात. हत्याराने किंवा शारीरिक इजा करणाऱ्या मारहाणीला तिथे कलम २६७ आहे, कमाल १० वर्षे, आणि १० वर्षे म्हटले की प्रकरण गंभीर गुन्हेगारीच्या कप्प्यात जाते. अशा माणसाला काळ लोटला म्हणून आपोआप माफी मिळत नाही. शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षे झाल्यावर पुनर्वसनासाठी स्वतंत्र अर्ज करून पटवून द्यावे लागते. साधी मारहाण, कलम २६६, कमाल पाच वर्षे, ही खालच्या कप्प्यात राहते.

यातला विरोधाभास असा की भारतीय पासपोर्टपुरते पाहिले तर कबुली सोयीची ठरते. कलम ६(२)(ई) दोषसिद्धीवरून पासपोर्ट नाकारते ते गेल्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची शिक्षा झालेली असेल तरच. म्हणजे दंड भरून सुटलेल्याला पासपोर्ट मिळतो आणि प्रलंबित खटला असलेल्याला न्यायालयात खेटे घालावे लागतात. आवारातला सल्ला या अर्ध्या खरेपणावरच उभा असतो.

दारू पिऊन गाडी चालवल्याची प्रकरणे जवळजवळ सगळी कबुलीनेच मिटतात, म्हणून दोन वाक्ये त्यांच्यासाठी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, कॅनडात ८०. आणि १८ डिसेंबर २०१८ पासून तिथे या गुन्ह्याची कमाल शिक्षा १० वर्षे झाली आहे. तेव्हा ४५ चा आकडा असलेल्या पुणेकराला तो आकडा लिहिलेली ब्रेथ ॲनालायझरची चिठ्ठी जन्मभर जपून ठेवावी लागते, कारण समांतर गुन्हा नाही हे दाखवणारा तोच महत्त्वाचा कागद असतो.

तडजोड, पण कुठल्या दाराने

अर्जदाराने कबुली दिली नाही. मग तडजोड. ३२३, ५०४ आणि ५०६ ही कलमे तडजोडयोग्य आहेत, आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० नुसार तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा असतो. पण ३२४ त्या यादीत नाही. लोकअदालतीच्या पॅनेलपुढे हे प्रकरण ठेवले असते तरी ३२४ तिथे अडले असते. काही वेळा अशा वेळी '३२४ चे ३२३ करून घेऊ' असे सुचवले जाते. जखमी प्रमाणपत्रात कपाळाला टाके आणि मुद्देमालात स्टंप असताना ते सहज होत नाही.

उरला उच्च न्यायालयाचा रस्ता. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ज्ञान सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात मान्य केले की तडजोडयोग्य नसलेला गुन्हाही, तो खासगी स्वरूपाचा असेल आणि पक्षकारांत खरोखर समेट झाला असेल, तर उच्च न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात रद्द करू शकते. खून, बलात्कार, दरोडा यांना ही सवलत नाही. याचिका १ जुलै २०२४ नंतर दाखल झाल्याने ती त्या तारखेपासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गेली, पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे ४८२. गुन्हा २०१६ चा असल्याने कलमे मात्र जुन्या दंड संहितेचीच राहिली. ही सरमिसळ पाहून परदेशी अधिकारी गोंधळतात, म्हणून पुढे भाषांतरासोबत एका ओळीत तिचा खुलासा जोडला.

शेजाऱ्याला शोधावे लागले. त्याची संमती हाच याचिकेचा कणा. त्याने प्रतिज्ञापत्रात स्वेच्छेने, दबावाशिवाय, समेट झाल्याचे लिहिले, ओळखपत्र जोडले आणि सुनावणीला तो हजर राहिला. याचिकेत भावालाही याचिकाकर्ता केले, हे महत्त्वाचे. एकट्याने याचिका केली असती तर खटला भावापुरता चालूच राहिला असता आणि 'राज्य विरुद्ध अमुक व इतर' या शीर्षकात अर्जदाराचे नाव ई-कोर्ट्सवर प्रलंबित म्हणून झळकत राहिले असते. खंडपीठाने काही रक्कम जमा करण्याच्या अटीवर एफआयआर आणि दोषारोपपत्र दोन्ही रद्द केले. याचिकेत दोन्हींचा उल्लेख हवा. फक्त एफआयआर रद्द करण्याची विनंती केली तर खालच्या न्यायालयात दोषारोपपत्राचे काय, हा प्रश्न लोंबकळतो.

आदेश हातात आला, नोंदी तशाच

उच्च न्यायालयाचा आदेश आपोआप कुठेच पोहोचत नाही असे धरून चालावे. दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात प्रमाणित प्रतीसह पुरसीस (न्यायालयाला माहिती देणारे लेखी निवेदन) दाखल करून खटला निकाली काढल्याची नोंद रोजनाम्यात करून घ्यावी लागली. रक्कम जमा केल्याची पावती नसल्याने ती पुरसीस पहिल्या दिवशी परत आली. पोलीस ठाण्यात गुन्हे नोंदवहीत आणि सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणकीय नोंद प्रणालीत शेरा बदलण्यासाठी अर्ज देऊन पोच घेतली. पोचेवर तारीख आणि आवक क्रमांक असावा. पुढे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटची पाळी आली तर प्रतिकूल अहवालाविरुद्ध दाखवायला तोच कागद कामाला येतो. पासपोर्ट कार्यालयातून मिळणारे हे प्रमाणपत्र, शुल्क ५०० रुपये, परदेशी नोकरी, दीर्घ मुदतीचे वास्तव्य किंवा स्थलांतरासाठी दिले जाते, पर्यटनासाठी नाही. एल-१ ला ते लागत नाही. कॅनडाच्या कायमच्या वास्तव्याला लागते.

नोंद समूळ पुसली जाते का? प्रौढांसाठी भारतात तसा सरसकट कायदा नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ मध्ये बालकांच्या नोंदी नष्ट करण्याची तरतूद आहे. बोटांचे ठसे, छायाचित्रे यांच्या बाबतीत दंड प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२ नोंदी ७५ वर्षे ठेवण्याची मुभा देतो, पण पूर्वी दोषसिद्धी नसलेला माणूस खटल्याविना सुटला, दोषमुक्त झाला किंवा निर्दोष ठरला, तर सगळे कायदेशीर उपाय संपल्यावर त्या नष्ट करायच्या असेही सांगतो. रद्द झालेला एफआयआर इतिहासातून जात नाही. त्याचा कायदेशीर परिणाम जातो. हा फरक व्हिसाच्या अर्जात उतरवावा लागतो.

एकच घटना, चार फॉर्म, वेगवेगळी खरी उत्तरे

अर्जदाराला वाटले, रद्द म्हणजे रद्द, आता सगळीकडे 'नाही'. इथे थांबून प्रत्येक फॉर्मचा प्रश्न शब्दशः वाचायला लावला.

अमेरिकेचा डीएस-१६०, म्हणजे तात्पुरत्या व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, विचारतो : कुठल्याही गुन्ह्यासाठी आपल्याला *कधीही* अटक झाली आहे का किंवा आपण दोषी ठरला आहात का, माफी वा तत्सम सवलत मिळाली असली तरी? अटक झाली होती. उत्तर 'हो'. कॅनडाचा अर्ज गुन्हा केला का, अटक झाली का, आरोप ठेवले गेले का, दोषी ठरलात का, हे सगळे एका दमात विचारतो. उत्तर 'हो'. ब्रिटनच्या अर्जात रोख दोषसिद्धी, दंड आणि *सध्या* खटल्याच्या प्रतीक्षेत असलेली अटक वा आरोप यांवर आहे. रद्द झालेल्या प्रकरणात तिथे 'नाही' हे खरे उत्तर असू शकते, मात्र एक वर्षापूर्वी, खटला चालू असताना, तेच उत्तर खोटे ठरले असते. ऑस्ट्रेलिया दोषसिद्धीबद्दल विचारताना अधिकृत नोंदीतून काढून टाकलेल्या दोषसिद्धीही सांगायला लावतो, पण इथे दोषसिद्धीच नव्हती. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या सामायिक व्हिसाच्या, ठरीव अर्जात गुन्ह्याचा प्रश्न नाही. न विचारलेले पत्र जोडून सांगत सुटण्याची गरज नसते.

चुकीच्या उत्तराची किंमत गुन्ह्यापेक्षा मोठी आहे. अमेरिकेत महत्त्वाच्या बाबीत जाणूनबुजून दिलेल्या खोट्या माहितीची बंदी आजन्म, आणि तात्पुरत्या व्हिसासाठी प्रत्येक वेळी कलम २१२(डी)(३) ची सूट मागत बसावे लागते. ब्रिटनमध्ये फसवणुकीची बंदी १० वर्षांपर्यंत, कॅनडात पाच, ऑस्ट्रेलियात साधारण तीन. गंमत अशी की ही अटक सांगितली असती तर तिच्यावरून अमेरिकेत बंदी आलीच नसती. नुसती अटक हे अपात्रतेचे कारण नाही.

आणि कळते कसे? बहुतेक वेळा कुठल्या गुप्त जाळ्यातून नाही. ई-कोर्ट्स उघडे आहे, जुन्या पासपोर्ट फाइलमध्ये प्रतिकूल अहवाल आहे, कंपनीच्या तपासणी अहवालात खटला आहे, आणि वकिलातीला निनावी पत्र लिहिणारे दुखावलेले नातेवाईक, माजी भागीदार, माजी शेजारी यांचा तुटवडा नाही.

डीएस-१६० च्या खुलाशाच्या चौकटीत लिहिलेला मजकूर, मराठीत सांगायचा तर, एवढाच होता : '२०१६ मध्ये पुणे येथे शेजाऱ्याशी पार्किंगवरून झालेल्या भांडणात अटक, त्याच दिवशी जामिनावर सुटका. कलमे ३२४, ३२३, ५०४, ५०६, ३४. मुंबई उच्च न्यायालयाने एफआयआर व दोषारोपपत्र रद्द केले. दोषसिद्धी नाही. कागदपत्रे सोबत.' पहिल्या मसुद्यात अर्धे पान शेजाऱ्याच्या दुष्टपणावर होते, ते काढले. अधिकाऱ्याला हवे असते : केव्हा, कुठले कलम, निकाल काय, कागद कुठे.

मुलाखतीला एफआयआर, दोषारोपपत्र, उच्च न्यायालयाचा आदेश आणि खटला निकाली निघाल्याचा रोजनामा, यांच्या प्रमाणित प्रती आणि इंग्रजी भाषांतरे नेली. भाषांतर पूर्ण हवे. जखमी प्रमाणपत्र आणि पंचनामा वगळून फक्त अनुकूल पाने भाषांतरित केलेली फाइल लगेच ओळखू येते. दोषारोपपत्राची शेवटची चार पाने, म्हणजे साक्षीदारांची यादी आणि मुद्देमाल, घाईत राहिली होती. अधिकाऱ्याने तीच मागितली आणि कलम २२१(जी) ची चिठ्ठी हातात दिली. कायद्याच्या भाषेत ती नकाराचीच नोंद असते, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात 'व्हिसा कधी नाकारला गेला आहे का' या प्रश्नाला ती सांगावी लागते; व्यवहारात मात्र मागितलेले कागद दिले की फाइल पुढे सरकते. पाने दिली, काही आठवड्यांनी व्हिसा लागला.

ग्रीन कार्डचा आय-४८५ आणि नागरिकत्वाचा एन-४०० हे दोन्ही अर्ज अटकेबद्दल पुन्हा विचारतात, आणि तेव्हा डीएस-१६० मधले उत्तर शेजारी ठेवून वाचले जाते. म्हणून अर्जदाराच्या फाइलमध्ये प्रमाणित प्रतींचे दोन जादा संच आणि भरलेल्या प्रत्येक फॉर्मची छापील प्रत ठेवली आहे. जिल्हा न्यायालये निकाली प्रकरणांची कागदपत्रे ठरावीक काळानंतर नष्ट करतात. तेव्हा १५ वर्षांनी नक्कल विभागाकडून 'अभिलेख उपलब्ध नाही' असा शेरा मिळण्याआधीच प्रती काढून ठेवणे बरे. भावाने अजून पासपोर्टच काढलेला नाही, पण एक संच त्याच्या नावाचाही आहे.